तारीवरची जागा

४ जानेवारी

चंदन सरांनी आज फोनवर माझ्या प्रकल्पाला 'शेड' म्हटलं. "संचिता, आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला कुणी शेड करतं का? तुमच्याकडे एवढा समुद्र आहे, क्रूझ टर्मिनल कर. गेला बाजार संग्रहालय." मी हो सर, हो सर म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर उशी भिंतीवर हाणली.

दुसऱ्या वर्षी याच सरांनी आम्हाला बंगला करायला लावला होता, पोहण्याच्या तलावासकट. कुणासाठी? 'एक उद्योजक, त्याची पत्नी आणि दोन मुलं.' तो उद्योजक मला आजतागायत भेटलेला नाही. तिसऱ्या वर्षी शाळा केली, ती कुठल्या गावची ते ठरलंच नव्हतं. चौथ्या वर्षी हॉटेल. त्यासाठी कागदावर मी एक अख्खा डोंगर कापला आणि मला चांगले मार्क पडले. आता पहिल्यांदा ओळखीच्या माणसांसाठी काहीतरी काढते म्हटलं तर ती शेड!

काढणार मी तारीवरचंच.

पलीकडच्या गावात माणसं नेणाऱ्या होडीला आमच्याकडे तार म्हणतात. आता पूल झाला, होडी गेली, पण आमच्या तारबंदर गावातल्या त्या खाडीकाठच्या जागेला अजून तारच म्हणतात. मच्छीमारांच्या होड्या तिथेच लागतात. उंडीच्या मोठ्या झाडाखाली बायका गोणपाट अंथरून चिखलात मासळी विकायला बसतात. वर छप्पर नाही, जवळपास संडास नाही. नर्मदाकाकी माझ्या जन्माआधीपासून तिथे बसते. सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही, म्हणजे उठावं लागणार नाही. डॉक्टर ओरडून थकले.

आणि या गावची सरपंच कोण? माझी आई. सुभद्राबाई. गेल्या खेपेला लवूकाका सरपंच होता. लवूकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. पुढे जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा त्यानेच आईला उभं केलं आणि स्वतः उपसरपंच झाला. गावातली बांधकामं त्याच्या मेव्हण्याच्या नावावर निघतात. सही आईची, डोकं लवूकाकाचं. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

११ जानेवारी

शमीमबरोबर तारीवर मोजमाप. शमीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील महंमदचाचा होडी घेऊन जातात आणि ती मासळी विकते. टेपचं एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. मधे चिखल.

"ह्या सगळा तू कागदार काढतलंस," ती म्हणाली. "मगे काय होतला?"

"मगे परीक्षा."

"आणि आमचा?"

मी म्हटलं, टेप नीट धर, वाकडा झालाय. तो वाकडा झालेला नव्हता.

तरी मनात चित्र स्वच्छ आहे. झाडाला धक्का न लावता चिऱ्याचे खांब, वर नळ्यांचं कौलारू छप्पर. बायकांना बसायला ओटा, गुडघ्याएवढा, म्हणजे गिऱ्हाइकाला कमरेत मोडावं लागणार नाही. मासळी धुतलेलं पाणी जायला उतार. जाळी वाळवायला जागा. दोन संडास, एक नळ. यात गहन काय आहे? काहीच नाही. मग इतकी वर्षं का झालं नाही?

१९ जानेवारी

राग, राग, राग.

लवूकाका दुपारी आला. पडवीत ऐसपैस बसला आणि आईपुढे फोन धरला. "वयनी, बघ. सागरदर्शन पॉइंट."

चित्रात आमची तार होती. म्हणजे मी ती फक्त खाडीच्या वळणावरून ओळखली. काँक्रीटची कमान, कमानीवर दोन डॉल्फिन, पुढे लाल रंगाचा माणसाएवढा बदाम, त्यात उभं राहून फोटो काढायचा. उंडीच्या झाडाच्या जागी पार्किंग.

"आणि मासळीवाल्यो खंय बसतल्यो?" मी विचारलं.

"तेंका मागे कचऱ्याच्या कुंडीकडे जागा देतलंव. पर्यटक इलो की तेका वास नको."

"काका, पर्यटक हंय मासे खाऊकच येता मां?"

"बाये, तू शिकतंस ता शीक. मोठ्यांच्या मधी बोला नको."

आई काय म्हणाली? "बघूया, भावजी." वर त्याला चहा आणि कुरमुऱ्यांचे लाडू. त्याने ठरावाचा कागद पुढे केला. "हयसर सही कर." आई पदराला हात पुसत म्हणाली, "चष्मो खंय ठेवलंय देव जाणे. फाल्या करतंय."

उद्या कशाला? चष्मा फ्रिजवर होता. मला समोर दिसत होता. मी तो आणून तिच्या हातात दिला. म्हटलं, निदान वाच तरी कशावर सही करतेस ते! आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जसं काही मीच तिचं दूध उतू घालवलं. मग चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "नंबर बदललो हा. अक्षरां हालतत. ओरोसाक जावन डोळे तपासूक व्हयेत."

लवूकाका लाडू खाऊन गेला. डोळे तपासून आल्यावर करेल ती सही. वाचून करेल एवढाच फरक.

२ फेब्रुवारी

बाबांचा टेम्पो आठवडाभर अंगणात उभा आहे. एरवी ते लवूकाकाच्या कामांवर चिरे पोचवतात. विचारलं तर म्हणाले, "इंजिनाचा काम आसा." बोनेट मात्र एकदाही उघडलेलं मी पाहिलं नाही. दिवसभर माडाच्या आळ्यांना पाणी घालतात आणि रेडिओ ऐकतात. या घरात आईला गावाचं पडलेलं नाही आणि बाबांना कशाचंच नाही.

मी मात्र सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत पडवीत वाकून ड्रॉइंग काढते. मान मोडली.

९ फेब्रुवारी

आई दुसऱ्यांदा ओरोसला डोळे तपासायला गेली आणि पुन्हा चष्म्याविना परत आली. म्हणे डॉक्टर रजेवर. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर फोन करून जावं, इतकं साधं! दमून भिंतीला टेकून बसली होती, पायावर लाल धूळ. बसल्या बसल्या माझ्या नकाशात डोकावली.

"मोठ्या भरतीचा पानी खंयपर्यंत येता, ता ह्याच्यात आसा काय गो?"

"तुका कित्याक व्हया?"

"असाच."

मी पेन्सिलीने दाखवलं. ही भरतीची रेषा. हिच्या पाण्याकडच्या बाजूला पक्कं बांधकाम करायचं तर सीआरझेडची परवानगी लागते. किनाऱ्याचा कायदा आहे तो. माझं छप्पर म्हणूनच रेषेच्या मागे आहे. तिने विचारलं, "आणि कमान?" मी म्हटलं, कमान सरळ पाण्यात आहे, पण तुम्हां लोकांना कायद्याशी काय करायचंय! ती हूं म्हणाली आणि नकाशाची एक प्रत मागितली. शेजारणींना दाखवायला. दिली, तर माझ्या डोळ्यांदेखत चौघडी करून पिशवीत कोंबली. इतक्या कष्टाने काढलेलं ड्रॉइंग, पिशवीत भेंडीखाली.

१७ फेब्रुवारी

कॉलेजात आढावा. चंदन सर म्हणाले, "भावनिक आहे. पण भव्यता कुठे आहे?" शेजारच्या मुलाने विमानतळ केलाय. त्याच्यापुढे सर हात मागे बांधून पंधरा मिनिटं उभे होते.

एसटीत खिडकीशी बसून घरापर्यंत मनातल्या मनात भांडत आले. तिथे एक वाक्य सुचलं नाही, कुडाळ गेल्यावर सगळी सुचली.

२१ फेब्रुवारी

भूमिपूजनाची पत्रिका आली. तांबडी, सोनेरी अक्षरांची. 'सौ. सुभद्रा यांच्या शुभहस्ते.'

आज मी आईला बोलले. सगळं बोलले. तू रबरी शिक्का आहेस म्हटलं. लवूकाका शाई लावतो आणि तू उमटतेस. नर्मदाकाकी तुझ्यासमोर पाणी न पिता मरेल आणि तू डॉल्फिनखाली रिबीन कापशील. शेजारच्या राधाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या इतका माझा आवाज चढला होता. बाबा म्हणाले, "गप रव गो." आई म्हणाली, "भात निवता. जेव."

जेवले नाही.

२ मार्च

भूमिपूजन झालं. शुभहस्ते काही झालं नाही, कारण शुभहस्तांना ताप आला. सकाळी आई गोधडी घेऊन निजली. लवूकाका स्वतः न्यायला आला, तेव्हा कण्हत होती. त्याने कपाळाला हात लावायला म्हणून हात पुढे केला आणि मग संकोचाने मागे घेतला. शेवटी एकटाच गेला, कुदळ त्यानेच मारली. तो गेल्यावर थोड्या वेळाने आईने उठून पेज केली. मी कपाळाला हात लावला. ताप वगैरे नव्हता.

म्हणजे विरोध करायची हिंमत नाही आणि तोंड दाखवायचीही नाही. खोटं आजारपण! मला लाज वाटली.

मी मात्र गप्प बसणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांना सविस्तर ई-मेल केला. नकाशा जोडला, भरतीची रेषा जोडली. लगेच उत्तर आलं, 'आपला संदेश प्राप्त झाला आहे.'

५ मार्च

आज जेसीबी आला.

शमीमचा फोन आला तशी मी धावत सुटले. उंडीच्या झाडाच्या मुळांशी लोखंडी पंजा टेकला होता. बायका पाट्या डोक्यावर घेऊन बाजूला उभ्या. मी सरळ पंज्यात जाऊन बसले. जेसीबीवाला घाबरून खाली उतरला आणि बिडी पेटवून लांब गेला. लवूकाका ओरडत आला, "शिरा पडली तुझ्या शिक्षणार! उतर खाली!" मी म्हटलं, नाही उतरत. "तुझ्या आवशीक बोलवू?" म्हटलं, बोलव. ती येणार नाही, तिला ताप आहे. बायका हसल्या. नर्मदाकाकीने माझ्या शेजारी त्या पंज्यात आपली पाटी आणून ठेवली. पाटीतल्या मासळीचं पाणी माझ्या ड्रेसवर ओघळलं, तरी मी हलले नाही.

आणि तेवढ्यात तहसील कार्यालयाची जीप! दोन माणसं उतरली. त्यांनी लवूकाकाच्या हातात कागद दिला. सीआरझेडची परवानगी नाही, काम थांबवा. मी पंज्यातून उडी मारली.

माझा ई-मेल! तीन दिवसांत! लोक उगाच सरकारी कचेऱ्यांना नावं ठेवतात. घरी येऊन आईला सांगितलं, बघ, एका ई-मेलने काम होतं, फक्त करायची इच्छा लागते. ती मासे साफ करत होती. "बरा झाला," म्हणाली. इतकंच. तोंडभरून शाबासकी द्यायला काय जातं?

१४ मार्च

बाबा आता दोडामार्गहून केळी भरून गोव्यात नेतात. लांबची खेप, घरी येतात ते मोडून. म्हणजे इंजिन आपोआप बरं झालं. लवूकाकाची जवळची कामं सोडून हे कुणी सांगितलंय, कळत नाही.

शमीमला ई-मेलचं सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बर्फ संपलो, जातंय."

२५ मार्च

पंचायतीच्या सदस्यांनी आईवर अविश्वास ठराव आणला आणि मंजूर केला. आई गावाने थेट निवडलेली सरपंच, म्हणून तो आता ग्रामसभेपुढे जाणार, तिथे गुप्त मतदान होणार. आईने हे मला जेवायला वाढता वाढता सांगितलं, गॅस संपला हे सांगावं तसं.

मी ताट बाजूला सारलं. हे माझ्यामुळे. ई-मेल मी केला, जेसीबीत मी बसले आणि शिक्षा तिला. कितीही रबरी शिक्का असली तरी माझी आई आहे.

२६ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी लवूकाकाकडे गेले. तो पडवीत काजू सोलत बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, तक्रार मी केलंय. ईमेल माझो. आवशीचो तेच्यात काय एक संबंध नाय. तिका कित्याक काढतास?"

तो हसायला लागला, इतका की ठसका लागला आणि काकीने पाणी आणून दिलं.

"तुझो ईमेल! गो, तुझ्या ईमेलाक कोण विचारता? तुझी आवस जानेवारीपासून ओरोसाक फेऱ्यो मारता हा. मच्छीमार सोसायटीच्या लोकांच्यो सह्यो घेतल्यान, भरतीची रेषा नकाशार दाखवल्यान, अर्ज दिल्यान. ठरावार सही नाय ती नायच, मीच तिच्या नावार रेटून नेलंय. हयसर येवन चाय पितली, बघूया भावजी, बघूया भावजी म्हणतली, आणि थंय साहेबापुढे कागद ठेवतली. तुझ्या बापाशीचो टेम्पो बंद केलंय, म्हटलं आता तरी वळणार येतली. एक शब्द तोंडातसून काढूक नाय!" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "मीच तिका उभी केलंय. घरातली म्हणान."

मला वाटलं होतं त्याचा राग येईल. तो आलाच. पण त्याच्यामागून दुसरा, त्याहून मोठा आला. तडक घरी. आई मागल्या दारी तांदूळ पाखडत होती.

"माका कित्याक सांगूक नाय?"

तिला काय ते कळलं. सूप थांबलं नाही. "तुका सांगला असता तर त्याच दिवशी तारीर बोंब मारून मोकळी झालंस असतंस. भावजी सावध झालो असतो."

"बाबांका म्हायत होता?"

"होय."

"शमीमीक?"

"तिच्या बापाशीची सही पयली आसा."

म्हणजे मी सोडून अख्ख्या गावाला. मी म्हटलं, मग मी रबरी शिक्का म्हटलं तेव्हा तरी बोलायचंस! एक थोबाडीत मारायची होतीस!

"कित्याक? ता तर बरा झाला. तू इतक्या मोठ्यान आरडलंस, राधाबाईन ऐकल्यान, तिणा भावजीच्या घराकडे सांगल्यान. तेका वाटला, हिका हिच्या घरात पण कोण विचारणा नाय, ही काय करतली." तिने सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "तुझ्या आरडण्यान माका पंधरा दिवस मिळाले."

माझा रागसुद्धा तिने वापरून घेतला! मी माझ्या खोलीत जाऊन दार आपटलं. मग वाटलं, आता हे आपटणंही कुणाच्या तरी कामाला येत असेल.

६ एप्रिल

विशेष ग्रामसभा. शाळेचा व्हरांडा माणसांनी भरला होता. तहसीलचा अधिकारी पेटी घेऊन टेबलाशी बसला.

लवूकाका बोलला, आईने विकास अडवला. मला वाटलं, लोक त्याला हाणून पाडतील. पण मग ओमकार उठला. ओमकार शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता, आता गोव्यात हॉटेलात कामाला आहे. त्याने आवाज चढवला नाही.

"मी थंय दुसऱ्याच्या हॉटेलात ताटां उचलतंय. हंय चार माणसां बघूक इली असती, तर मी तारीर स्वतःची टपरी घातली असती. तुमका झाड व्हया, मासळी व्हयी, बरा आसा. आमी काय करूचा ता पण कोणी सांगा."

मी उठायला गेले. मग नकाशा आठवला. माझ्या नकाशात ओमकारला कुठेच जागा नव्हती. मी त्याला विचारलंच नव्हतं. खाली बसले आणि त्याचाच राग करत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

आईने कागद काढला. "माननीय अध्यक्ष आणि ग्रामस्थहो, मी माझी भूमिका मांडू इच्छिते," एवढं वाचलं आणि कागद खाली घेतला. "ठरावार सही करूक नाय ती मी. माका कोणी शिकवूक नाय. ओमकार बोललो ता खरा आसा, तेका जागा गावली व्हयी. पण चिखलात बसलेल्या बायकांका कचऱ्याकडे धाडून ती जागा माका काढूची नव्हती. खुर्ची तुमची. व्हयी तर घेवा."

मग रांग. एकेक जण आत जाऊन चिठ्ठी टाकून येत होता. मासळीवाल्या सगळ्या आल्या होत्या, महंमदचाचा आजारी भावाला रिक्षातून घेऊन आले होते.

आई हरली. अंतर फार नव्हतं, ते अधिक लागलं. घरी येताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होते, तू? की तू? ज्या काशीबाईने आदल्या दिवशी आईच्या गालावरून हात फिरवून कौतुकाने बोटं मोडली होती, तिने आज मान वळवली. आईने मात्र वाटेत थांबून कोलंबी घेतली, घासाघीस करून.

८ एप्रिल

आज पहिल्यांदा मी आईला चिडलेली पाहिलं.

मी बॅग भरत होते. म्हटलं, परीक्षा झाली की मुंबईला नाहीतर पुण्याला नोकरी बघते, बंगले काढते, तलावासकट. या गावासाठी पुन्हा पेन्सिल उचलणार नाही. हे मरू देत चिखलात.

आईने माझ्या हातातली बॅग हिसकून पलंगावर उलटी केली. कपडे, पट्ट्या, पेन्सिली, सगळं सांडलं.

"पाच वर्सां शिकलंस ती ह्या बोलूक? खुर्ची माझी गेली, तोंड तुझा कित्याक उतरला? रोज उठून त्या माणसाचो चाय-लाडू केलंय, ओरोसाक दिवस दिवस बाकड्यार बसलंय, साहेब म्हणता फाल्या ये, फाल्या ये. बापाशीन तुझ्या टेम्पो घेवन घाट चढल्यान. आणि तू जातंस? गावान माका नको म्हटल्यान. बायकांका आडोसो नको असा कोणी म्हणूक नाय! ऊठ. टेप घे."

तिचा आवाज फाटला होता. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि हळूच परत गेले. मी टेप घेतला.

महंमदचाचांच्या माडांच्या वाडीचा एक कोपरा भरतीच्या रेषेच्या वर येतो, तारीपासून हाकेच्या अंतरावर. तो कोपरा ते मच्छीमार सोसायटीला देणार. आईने हे मतदानाआधीच बोलून ठेवलं होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मला आता कशाचं आश्चर्य वाटेनासं झालंय, फक्त राग येतो.

मग बायका जमल्या आणि माझा नकाशा पाहू लागल्या. एकेकीने एकेक गोष्ट काढून टाकली. नळ्यांचं छप्पर नंतर. खांब नंतर. आधी संडास, दोन नको तीन, आणि नळ. मग ओटा. शमीमने तान्ह्या पोरांना पाजायला आतल्या बाजूला बाकडं मागितलं. रस्त्याच्या बाजूला ओमकारच्या टपरीसाठी जागा आईने स्वतः आखली. मी भांडले. टपरीने वारा अडेल! "वारो जायत दुसरीकडसून," आई म्हणाली. अर्ध्या तासात माझ्या प्रकल्पाचं उरलं काय तर संडास, नळ, ओटा आणि एक टपरी.

२९ एप्रिल

परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी मॉडेल बघितलं, छप्पर उचलून आत डोकावले. "छान. प्रत्यक्षात काही होणार आहे का?"

"हो. तीन संडास," मी म्हटलं.

मागे कुणीतरी हसलं. चंदन सरांनी घसा साफ केला. मला इतका संताप आला की मी मॉडेलवरून सगळं उचलून बाजूला ठेवलं, छप्पर, खांब, झाड. फक्त ते तीन चौकोन ठेवले आणि त्यांच्यावरच बोलले. दार कुठे उघडतं आणि का. सांडपाणी खाडीपासून किती लांब जिरवायचं. पायरी का नको. बाई पाटी घेऊन आली तर ती कुठे टेकवेल. परीक्षकांनी प्रश्न विचारले, खरे प्रश्न. विमानतळवाल्याला माझ्याहून जास्त मार्क पडले. पडू देत. नाही, पडू देत नाही. चीड येते.

६ मे

आज नारळ फुटला. कुणी फोडला? लवूकाकाने!

सकाळी महंमदचाचांच्या कोपऱ्यावर आम्ही सगळ्या जमलो, तर हा पांढरा सदरा घालून, गळ्यात हार घालूनच आला. नवी निवडणूक होईपर्यंत उपसरपंच म्हणून कारभारी सरपंच तोच. मी पुढे झाले. आईने मागून माझा दंड असा पकडला की बोटं उमटली.

"फोडूंदे तेका."

"आये, जागा चाचांची, पैसो सोसायटीचो, नकाशो माझो, ओरोसाक बाकड्यार बसलंस तू! आणि नारळ ह्यो फोडतलो?"

"नळाचा कनेक्शन पंचायतीचा. तेची सही लागता." आई पुढे बघतच पुटपुटत होती. "नारळ तेका, पानी आमका. तसा ठरला हा."

ठरला हा! म्हणजे ही पुन्हा जाऊन त्याच्या पडवीत चहा पिऊन आली. ज्याने हिची खुर्ची काढली त्याच्या पडवीत.

लवूकाकाने भाषण केलं. "नकाशो आमच्याच घरातल्या चेडवान काढल्यान," असंही म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओमकारने जरा जोरात वाजवल्या असं मला वाटलं. आई बायकांच्या घोळक्यात अगदी मागे उभी होती, कुणाच्या तरी पोराला कडेवर घेऊन. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. तीही सरकली नाही.

खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात आला. मी तो मुठीत दाबून ठेवला. आईने माझी मूठ उघडली, तुकडा मोडला, अर्धा शमीमला दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. "गोड आसा गो," म्हणाली.

मी अजून चिडलेली आहे. लवूकाकावर, काशीबाईवर, चंदन सरांवर, आईवर तर आहेच. गवंडी उद्या सकाळी येतोय. मधली भिंत थोडी आत घेतली तर विटा वाचतील असं त्याने आत्तापासून सुरू केलंय. मी पहिल्यापासून तिथे उभी राहणार. बोटभर जरी भिंत सरकवली, तरी त्याला मी सोडायची नाही.